तीन बरण्यांचा बार्नेकल संच: एक ठेवा, एक चालवून घ्या, एक परत करा

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलचे दिवस जवळ आले की नाशिकच्या लॅब साहित्याच्या दुकानांत नमुन्यांच्या बरण्या हलायला लागतात. समुद्र कसारा घाट उतरून पुढे बराच लांब, त्यामुळे बार्नेकल, म्हणजे खडकाला, बोटीला, शिंपल्याला चिकटून राहणारा, खेकड्याच्या नात्यातला कवचाचा समुद्री प्राणी, इथल्या बहुतेक मुलांना पहिल्यांदा भेटतो तो काचेआडूनच. इथे तपासलेला संच तीन बरण्यांचा आहे: ‘बॅलॅनस’, ‘लेपास’ आणि ‘सॅक्युलिना’. पूर्ण संच 1,650 रुपयांना, सुटी बरणी 600 ला. दुकानाचं नाव देत नाही. खालचे दोष कुठल्याही दुकानातल्या बरणीत निघू शकतात, आणि काउंटरवरच ते कसे पकडायचे हे सांगणं जास्त उपयोगाचं.

‘बॅलॅनस’ची बरणी आधी घेऊ, कारण पैसे वसूल होतात ते हिच्यातच. आत कालवाच्या शिंपल्याचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर नऊ मोठे बार्नेकल चिकटलेले, आणि तळाशी चार सुटे. तळाचा व्यास 9 ते 13 मिलिमीटर. नऊपैकी सातांची झाकणं शाबूत आहेत, म्हणजे कवचाच्या तोंडावर मिटलेली चार छोटी पानं जागच्या जागी आहेत. बरणी विकत घ्यायची की नाही, हे या एका गोष्टीवर ठरवा. बाहेरची सहा प्लेटची भिंत फार तर घराणं सांगते. जात ठरते ती झाकणावरून. काचेवर भिंग धरून तोंडात डोकावा. नुसतं काळं भोक दिसलं तर ते रिकामं घर आहे, शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचं. सराफ बाजारात दागिने तपासायला वापरतात ते दहापटीचं भिंग या कामाला उत्तम, ते खिशात घालूनच दुकानात जा.

लेबलावर ‘बॅलॅनस, रॉक बार्नेकल, वर्ग क्रस्टेशिया’ एवढंच छापलेलं आहे. जात नाही, ठिकाण नाही, तारीख नाही. पाठ्यपुस्तकात शंभर वर्षं हेच नाव चालत आलंय, तेव्हा छापणाऱ्याला फार दोष देता येत नाही. पण बरणीतल्या प्राण्याचं आजचं नाव ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्रायटी. डार्विनने 1854 मध्ये त्याचं वर्णन ‘बॅलॅनस ॲम्फिट्रायटी’ म्हणून केलं आणि त्याच नावाखाली नऊ प्रकार घातले. पुढे त्यांतले काही स्वतंत्र जाती निघाले. 2004 मध्ये पिटोम्बो या संशोधकाने या गटासाठी ॲम्फिबॅलॅनस ही वेगळी प्रजाती (जीनस) केली. म्हणून आता नाव लिहिताना डार्विन आणि साल कंसात जातं: ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्रायटी (डार्विन, 1854). कंस म्हणजे ‘जात याने वर्णिली, पण प्रजाती नंतर बदलली’. जर्नल लिहिताना हा कंस हमखास गळतो.

भिंतीवरच्या नुसत्या रंगीत पट्ट्यांवर भरवसा ठेवून नाव ठरवू नका. ओळख पटवायचा क्रम असा.

एक बार्नेकल बाहेर काढा, मऊ टूथब्रशने घासा, टिपकागदावर दोन मिनिटं ठेवा. ओल्या कवचावर चकाकी येते आणि प्लेटच्या जोडरेषा लपतात, त्यामुळे ही दोन मिनिटं वाचवू नका. मग मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून फिरवा. जोडरेषा सावलीने उठून दिसतात. मोजा. चार प्लेट आल्या तर प्राणी टेट्राक्लिटाच्या घराण्यातला. (याच घराण्यातल्या टेट्राक्लिटेला कारांडेई या जातीच्या नावात एक मराठी आडनाव बसलंय, रॉसने ते 1971 मध्ये दिलं.) सहा आल्या तर पुढे जा. या बरणीत सहाच येतात. मात्र झिजलेल्या म्हाताऱ्या कवचात रेषा मिटून गेलेल्या असतात आणि मोजणी चुकते, म्हणून सगळ्यात मोठा नग न घेता मध्यम, टोकदार कडांचा नग घ्या.

आता दिशा. झाकणाच्या चार पानांपैकी दोन स्क्यूटम आणि दोन टर्गम. स्क्यूटमची जोडी ज्या बाजूला, तिथली भिंतीची प्लेट म्हणजे रॉस्ट्रम. टर्गमच्या बाजूची ती कॅरिना. रॉस्ट्रम सापडली की तिच्या दोन्ही कडा बघा. ती शेजारच्या प्लेटवर दोन्हीकडून चढलेली असेल तर प्राणी बॅलॅनसच्या गोतातला. उलट शेजारच्या प्लेट तिच्यावर चढलेल्या असतील आणि ती खाली दबलेली असेल, तर थॅमॅलस. किनाऱ्यावर भरतीच्या अगदी वरच्या पट्ट्यात खडकांवर दिसतात ते राखाडी, बुटके बार्नेकल बहुतेक थॅमॅलसच असतात, आणि घाईत गोळा केलेल्या बरणीत ते मिसळलेले निघतात. यांना पकडायची आणखी एक सोपी खूण आहे. बार्नेकल उचकटल्यावर मागे खरवडून निघणार नाही अशी पांढरी चुन्याची चकती राहिली तर तळ चुन्याचा, म्हणजे बॅलॅनसचा गोत. जागा स्वच्छ राहिली तर तळ पातळ पडद्याचा, म्हणजे थॅमॅलस. या बरणीतल्या कालवावर एका ठिकाणी अशी चकती सुटी दिसते. ती ‘डाग’ म्हणून घासून काढू नका, तिच्यातच अर्धं उत्तर आहे.

मग रंग. ॲम्फिट्रायटीच्या भिंतीवर जांभळे पट्टे असतात, फक्त उभे. आडव्या रेषाही त्यांना छेदून जाळी झाली असेल तर प्राणी ॲम्फिबॅलॅनस रेटिक्युलॅटस, ज्याचं वर्णन उटिनोमीने 1967 मध्ये केलं. दोघेही आपल्या किनाऱ्यावर, बंदरात, बोटींच्या तळाला आढळतात आणि एकाच शिंपल्यावर शेजारी शेजारी बसू शकतात. जाळी पुसट असली की डोळा फसतो. म्हणून शेवटचा निकाल टर्गमचा.

झाकण काढायचं काम नाजूक आहे आणि पहिल्या एक-दोन नगांत ते बिघडणार, हे धरूनच चला. किडे टोचून ठेवायच्या पिनेएवढी बारीक सुई आणि घड्याळजी वापरतात तसा टोकदार चिमटा एवढं पुरतं. सुई तोंडाच्या आतल्या कडेने, झाकण आणि भिंत यांच्यामध्ये घाला आणि गोल फिरवत पडदा कापा. पूर्ण फेरी झाली की चिमट्याने स्क्यूटमच्या बाजूने धरून वर ओढा. झाकणासकट अख्खा प्राणी बाहेर येतो, पिसासारख्या पायांच्या गुंडाळीसह. फेरी अर्धवट ठेवून ओढलं की टर्गमचा खालचा टोकदार भाग मोडतो आणि नेमका तोच भाग पुढे लागतो.

बाहेर आलेल्या प्राण्याचं आधी धड वेगळं करा, झाकणाची पानं नंतर साफ करा. हा क्रम उलटला की पाय आणि तोंडाचे भाग गेलेच. धड ग्लिसरिनच्या थेंबात ठेवा. सहा जोड्या पाय मोजा, पहिल्या तीन आखूड आणि पुढच्या तीन लांब. तोंडाशी लॅब्रम नावाची पातळ पट्टी सापडेल. ती साध्या मायक्रोस्कोपखाली शंभरपटीवर बघा. मधोमध खोल खाच आणि खाचेच्या दोन्ही कडांना बारीक दात, हे बॅलॅनसच्या गोताचं चिन्ह. थॅमॅलसचा लॅब्रम फुगीर असतो, अशी खाच नसते. लॅब्रम सुटा करायला स्टिरिओ मायक्रोस्कोप नसेल तर त्याचा नाद सोडा, भिंगाखाली तो हाताला लागत नाही.

झाकणाच्या पानांवरचं मांस काढायला घरातलं ब्लीच चालतं, म्हणजे चार-पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट. त्यात तेवढंच पाणी मिसळा आणि दर पाच मिनिटांनी बघा. पंधरा-वीस मिनिटांत पानं सुटी होतात. रात्रभर ठेवलंत तर कडा खडूसारख्या भुसभुशीत होतात. ब्लीचमध्ये टाकण्याआधी नमुना साध्या पाण्यात तीन-चार वेळा नीट धुवा. फॉर्मालिनचा अंश ब्लीचमध्ये जाता कामा नये, आणि ब्लीचशेजारी व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल ठेवू नका, क्लोरीन वायू सुटतो. खिडकी उघडी हवी.

आता काळ्या कागदावर चार पानं मांडा. स्क्यूटमच्या बाहेरच्या अंगाला वाढीच्या आडव्या रेषा, आतल्या अंगाला स्नायू धरणारी ठळक उभी कड. टर्गमच्या तळाशी एक जिभेसारखा फाटा खाली उतरलेला असतो, त्याला स्पर म्हणतात. ॲम्फिट्रायटीत हा स्पर रुंद, आखूड आणि टोकाला बोथट. रेटिक्युलॅटसमध्ये अरुंद, लांब, निमुळता. या बरणीतल्या ज्या चार नगांची पानं काढून पाहिली, त्या चारांतही स्पर रुंद आणि बोथट निघाला, म्हणून ही बरणी ॲम्फिट्रायटीची म्हणता येते. स्पर कुठल्या जातीचा हे नीट कळत नसेल तर निकालाची घाई करू नका. आणखी दोन नग फोडा. संख्या कमी असेल तर ‘ॲम्फिबॅलॅनस, जात अनिश्चित’ लिहिणं चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं.

भिंतीची एक प्लेट तळाशी मोडून कडेकडून बघितली तर आत उभ्या नळ्यांची एक रांग दिसते. चहाच्या बिस्किटाचा छेद असावा तशी. या नळ्या फक्त भिंतीत असतात. प्लेटच्या जोडाजवळच्या त्रिकोणी भागातही नळ्या दिसल्या आणि प्राणी गुलाबी-जांभळा, लिंबाएवढा असेल, तर तो मेगाबॅलॅनस. जहाजांच्या तळाला तो भरपूर असतो. या संचात तो नाही.

बरणीची खरी तक्रार द्रवाबद्दल आहे. वासावरून फॉर्मालिन कळतंच. पीएच पट्टी बुडवली तर रंग पाचच्या खाली गेला. नाशिकमध्ये ही पट्टी शोधायला लांब जावं लागत नाही. द्राक्षाच्या फवारणीचं पाणी तपासायला बागायतदार ती वापरतातच, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विचारा. फॉर्मालिन पडून राहिलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि बार्नेकलचं कवच तर निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. बरणीच्या तळाशी जी पांढरी पूड साठलेली दिसते ती कवचाचीच झीज आहे. आज जाडजूड दिसणारा नमुना दोन-तीन वर्षांत पट्टे फिके, कडा गोल आणि स्पर अर्धा विरघळलेला असा होतो. मांसाच्या नमुन्याला फॉर्मालिन चालतं, चुन्याच्या कवचाला बोरॅक्स (आम्ल मारणारा क्षार) न घातलेलं फॉर्मालिन अजिबात नाही. पुरवठादार बोरॅक्स घालत नाही आणि दुकानदाराला ते माहीत नसतं.

उपाय सोपा आहे. फॉर्मालिन झाकणाच्या डब्यात काढून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्याकडे द्या, बेसिनमध्ये ओतू नका. नमुना साध्या पाण्यात चोवीस तास ठेवा, मध्ये चार वेळा पाणी बदला. मग 30 टक्के, 50 टक्के आणि शेवटी 70 टक्के अल्कोहोल, प्रत्येकात एक दिवस. एकदम सत्तरमध्ये टाकलं तर मऊ भाग आकसतात. 95 टक्क्यांच्या अल्कोहोलपासून सत्तरचं बनवायचं तर 70 मिलिलिटर अल्कोहोलमध्ये 25 मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी. इथॅनॉल मिळायला परवान्याची कटकट असेल तर कवचाच्या नमुन्याला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालून जातं. नमुन्यातून डीएनए काढायचा विचार असेल तर मात्र ही बरणी विसरा. फॉर्मालिनमध्ये बुडालेल्या नमुन्यातून तो धड निघत नाही. त्यासाठी ताजा नग थेट 95 टक्के इथॅनॉलमध्ये टाकलेला लागतो.

दुसरी बरणी, ‘लेपास’. देठाचे तीन प्राणी, पांढरी शंकूसारखी टोकं, पाच प्लेट: दोन स्क्यूटम, दोन टर्गम, एक कॅरिना. तरंगत्या लाकडाला, बाटलीला, जाळ्याच्या बोयाला चिकटून हे किनाऱ्याला लागतात. प्लेटवर त्रिज्येसारख्या खोल रेघा आहेत, म्हणजे लेपास ॲन्सेरिफेरा असण्याचा संभव जास्त. लेपास ॲनाटिफेरा या दुसऱ्या जातीच्या प्लेट बऱ्याच गुळगुळीत असतात. खात्री करायची तर पहिल्या पायाच्या बुडाशी असलेले धाग्यासारखे लोंबते अवयव मोजा. ॲनाटिफेरात एका बाजूला एक-दोन, ॲन्सेरिफेरात पाच-सहा. तिघांपैकी एकाची कॅरिना मोडलेली आहे आणि देठ बांधायचा दोरा फार आवळलेला. चालवून घेण्यासारखी बरणी, पण 600 रुपये जास्तच.

तिसऱ्या बरणीवर ‘सॅक्युलिना’ लिहिलंय, आणि हिच्याकडे नीट बघा. सॅक्युलिना हाही बार्नेकलच, पण परजीवी. खेकड्याच्या आत मुळांसारखा पसरतो आणि त्याची एक पिशवी खेकड्याच्या पोटाच्या पाळीखाली बाहेर येते. पिशवी एकसंध, गुळगुळीत, आवळलेल्या पाकिटासारखी, मध्ये एक छोटं तोंड, आणि खेकड्याला एकाच आखूड देठाने जोडलेली. या बरणीत खेकडी उलटी बांधलेली आहे, पोटाखाली नारिंगी-तपकिरी गोळा. भिंग लावून पाहिलं की गोळा खसखशीसारखा दाणेदार दिसतो आणि दाणे पोटाखालच्या पायांच्या केसांना चिकटलेले आहेत. ही अंडी आहेत. बरणीत गाभोळीची खेकडी आहे, सॅक्युलिना नाही. चूक इतकी साधी आहे की लेबल लावणाऱ्याने बरणी पाहिलीच नसावी. भर म्हणजे सॅक्युलिना लागलेल्या नर खेकड्याची पोटाची पाळी मादीसारखी रुंद होते, त्यामुळे ‘पाळी रुंद आहे म्हणजे मादी, म्हणजे अंडी’ एवढ्यावरही थांबता येत नाही. गोळ्याचा पोत बघणं हाच खरा उपाय. पावती असेल तर ही बरणी निःसंकोच परत करा.

संच घेण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारायला हरकत नाही: नमुना कुठल्या किनाऱ्यावरचा, कधी गोळा केलेला, द्रव कुठला. ‘मुंबई’ एवढं उत्तर पुरत नाही. कुठल्या खाडीतला की उघड्या खडकावरचा, भरती-ओहोटीच्या कुठल्या पट्ट्यातला, दगडावरचा की शिंपल्यावरचा, यावर निम्मी ओळख अवलंबून असते. उत्तरं आली नाहीत तर सरावासाठी बरणी घ्या, पण संग्रहात ‘नमुना’ म्हणून तिची नोंद करू नका.

आणि ताजा माल हवा असेल तर नाशिकमध्येच एक सोय आहे, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मासळी बाजारात समुद्री खेकडे येतात, पाठीवर तीन लाल ठिपक्यांचे किंवा निळसर. कल्ले सगळे काढून टाकतात, ते मागून घ्या. कल्ल्यांच्या पाकळ्यांमध्ये दोन-पाच मिलिमीटरचे, देठाचे, पाण्यासारखे पारदर्शक बार्नेकल बऱ्याचदा सापडतात. ते ऑक्टोलास्मिस. प्लेट त्यांच्या इतक्या आखडलेल्या असतात की पहिल्या नजरेत बुरशी वाटते. बशीत समुद्राइतकं खारट पाणी घ्या, म्हणजे लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, आणि कल्ला त्यात उघडा ठेवून काळ्या कागदावर बघा. पाठीवरच्या कवचावर चपटा, पांढरा, नाण्यासारखा काही चिकटलेला दिसला तर तो केलोनिबिया हा आणखी एक बार्नेकल असण्याची शक्यता आहे, तोही ठेवून घ्या. गोदेच्या दगडांवरचे पांढरे पापुद्रे मात्र सोडा. तिथे बार्नेकल नसतात.

लेबल बरणीच्या आत घालायचं, बाहेर चिकटवायचं नाही. पेन्सिलने किंवा इंडियन इंकने, जाड कागदावर. बॉलपेन अल्कोहोलमध्ये धुऊन जातं आणि लेझर प्रिंटरची अक्षरं काही महिन्यांत पापुद्र्यासारखी सुटतात. या संचातल्या पहिल्या बरणीसाठी असं लिहा: ॲम्फिबॅलॅनस ॲम्फिट्रायटी (डार्विन, 1854). तळाचा रॉस्ट्रम-कॅरिना व्यास 9 ते 13 मिलिमीटर. कालवाच्या शिंपल्यावर. ठिकाण: नोंद नाही. गोळा केल्याची तारीख: नोंद नाही. मूळ द्रव फॉर्मालिन, अल्कोहोलमध्ये हलवल्याची तारीख अमुक. एप्रिल-मे मध्ये रबरी कडी ढिली असेल तर अल्कोहोल उडतं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पातळी बघा आणि कमी झालेलं नेहमी सत्तरनेच भरा, पाण्याने नाही.